मोंढ्यातला बगळा

वसमतला कुणालाही विचारा, स्केटिंगवाल्या बाई कुठं राहतात, तर लोक घरापर्यंत आणून सोडतील. पण त्या बाई नेमकं काय शिकवायच्या, असं विचारलंत तर उत्तर येईल, 'पळायला.' चाकं लावलेले बूट घालून पळायला. माझी सगळी नोकरी एका शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून झाली, आणि शाळा भरायच्या आधी, सकाळच्या वेळी, मी मोंढ्यातल्या लिलावाच्या शेडमध्ये पोरांना चाकांवर उभं करत आले. मोंढा म्हणजे आमच्याकडे बाजार समितीचं आवार. त्या पोरांतल्या बहुतेकांना खरोखर पळायचंच होतं. मला मनापासून शिकवायचं होतं ते वेगळं. त्याला स्पायरल म्हणतात, आणि ते शिकायला आमच्या गावात कधी गर्दी झाली नाही.

स्पायरल म्हणजे काय ते आधी सांगते, कारण दिवाळी अंकाच्या वाचकांनी ते टीव्हीवर बर्फातल्या स्पर्धांमध्ये पाहिलं असलं तरी नाव माहीत असण्याचं कारण नाही. एका पायावर घसरत जायचं. दुसरा पाय मागं, कमरेच्या वर उचलून ताठ ठेवायचा. छाती पुढं, मान वर, हात पसरलेले. आणि सरळ जायचं नाही; टेकलेल्या पायाचा घोटा किंचित कलता ठेवून एका मोठ्या वळणावर जायचं. बस, एवढंच. उडी नाही, गिरकी नाही. पाय उचलला की पुन्हा जमिनीला रेटा देता येत नाही, त्यामुळे जो काही वेग आधी मिळवला असेल त्याच्यावरच पुढचं सगळं अंतर काढावं लागतं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना वाटतं की ही बाई नुसती उभी आहे. आमच्या पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं 'बगळा', आणि मला ते आवडायचं.

मी शिकले हैदराबादेत. वडील तिथं नोकरीला होते आणि घराजवळ गुळगुळीत फरशीचा एक जुना रिंक होता. आमचे मास्टरसाहेब उंच, सडपातळ, पान खाणारे. ते म्हणायचे, 'बेटी, हाथ पकड के चलना मैं सिखाऊँगा, मगर ये वाला तो अकेले का काम है.' तेव्हा मी फ्रॉकमधली पोर होते. एकटं म्हणजे काय हे मला समजायचं काहीच कारण नव्हतं. मी नुसती मान डोलवायची आणि निघायची.

मग लग्न होऊन वसमतला आले. आमचे हे साखर कारखान्यात कारकून. माझ्या ट्रंकेत साड्यांखाली चाकांचे बूट निघाले तेव्हा सासरी कुणाला काही कळेना. ह्यांनी मात्र ते हातात घेऊन चाकं फिरवून बघितली आणि विचारलं, 'हे चालवायला जागा कसली लागते?' चार दिवसांत त्यांनी गफूर मुकादमाला गाठलं. गफूर म्हणजे मोंढ्यातल्या हमालांचे मुकादम, शेडच्या किल्ल्या त्यांच्याकडे. हळदीचा हंगाम सोडला तर सकाळची शेड रिकामीच असायची आणि तिचा कोबा अख्ख्या गावात सगळ्यात गुळगुळीत होता. मुकादम म्हणाले, 'भाभी को बोलो, आराम से खेलो. फक्त हळद आली की तुमची सुट्टी.'

पहिल्या दिवशी हे स्कूटरवरून मला घेऊन आले आणि उजवीकडच्या खांबाजवळ एक लोखंडी खुर्ची होती तिच्यावर, माझ्याकडे तोंड करून, बसले. मी फेऱ्या मारल्या, येत होतं ते सगळं करून दाखवलं. स्पायरल मात्र अर्ध्यातच मोडलं. कोबा अनोळखी होता, म्हणून असेल. ह्यांनी विचारलं, 'पाय काहून खाली घेतला?' मी म्हणाले, 'असंच.'

दुसऱ्या दिवसापासून हे त्याच खुर्चीवर, पण रस्त्याकडे तोंड करून, पेपर उघडून बसायला लागले. ते शेवटपर्यंत. रोज मला सोडायला येणार, थंडी असो की ऊन, तास संपेपर्यंत बसणार, आणि माझ्याकडे पाठ. मला वाटलं, एका दिवसात कंटाळले. पुढं विद्यार्थी आले, तरी तीच तऱ्हा. एकदा मी चिडून म्हणाले, 'कधी तरी बघा की इकडं.' तर म्हणाले, 'मला काय कळतं त्यातलं? चाकाचा आवाज येतो ना, तेवढं बास.' आणि पेपरचं पान उलटलं. घरी जाताना स्कूटरवर कधी कधी म्हणायचे, 'आज बरं झालं जणू.' मी मनात म्हणायची, न बघता सर्टिफिकेट देताहेत. हा राग मी अनेक वर्षं नीट सांभाळून ठेवला होता. बाकी माणसाबद्दल तक्रारीला जागा नव्हती, म्हणून ही एक जास्त जपली असेल.

गिऱ्हाइकं मात्र मला एकेक भेटली. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले होते, गुडघ्यांना व्यायाम हवा म्हणून. बूट चढवले, उभे राहिले, आणि खाली वाकून बघत मला म्हणाले, 'बाई, ब्रेक कुठाय?' मी पुढचा रबरी ठोकळा दाखवला. त्यावर त्यांचं समाधान होईना. 'आन रिव्हर्स?' म्हटलं, रिव्हर्स आपोआप होतो, तुम्ही घाबरू नका. ते तेवढ्यात रिव्हर्समध्येच गेले आणि पोत्यांच्या थप्पीवर बसले. पुन्हा आले नाहीत, पण रस्त्यात भेटले की अजून हॉर्नचा आवाज काढतात.

दसऱ्याला तर माझा दरवर्षी जीव टांगणीला लागायचा. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, गाड्यांची पूजा होते, तशी आया-माउल्या स्केट्सचीही करायच्या. हळद-कुंकू, फुलं, इथपर्यंत ठीक. एका भाविक आईनं तर चाकांना तीळतेल चोळलं, देवाच्या समईतलं. दुसऱ्या दिवशी तिचं पोरगं शेडच्या या टोकाला उभं राहिलं आणि काही न करता त्या टोकाला पोचलं. त्यानं कपाळ फोडून घेतलं नाही ही देवाचीच कृपा म्हणायची. तेलाचीही असेल.

हळदीचा मी उपयोगही करून घेतला. बर्फावर म्हणे बुटाच्या पात्याची रेघ उमटते, त्यामुळे वळण खरं आहे की खोटं ते लगेच दिसतं. कोब्यावर चाक काही रेघ सोडत नाही. म्हणून मी शेडच्या कोपऱ्यात झाडून साठवलेली हळदीची भुकटी फडक्यानं अगदी पातळ पसरायची आणि त्यावरून पोरांना सोडायची. मागं वळून बघितलं की आपण कुठं डळमळलो ते पिवळ्यात लिहिलेलं. मोजे धुता धुता आया वैतागायच्या. 'मॅडम, लगीन लागलंय का आमच्या पोराचं? रोज हळद लागून येऊन राहिलंय!'

पण हळद, तेल, ब्रेक हे सगळं निभावलं. निभावलं नाही ते एकच, आणि ते मला हैदराबादेत कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे पाय कुणाकडे करत नाहीत. वडीलधाऱ्यांकडे नाही, देवाकडे तर नाहीच. पाय लागला की हात आपसूक खाली जातो आणि कपाळाला येतो. आता स्पायरलमध्ये पाय मागं उचलायचा म्हणजे मागं जो कोणी असेल त्याला तळवा दाखवायचा; तोही नुसता तळवा नाही, चामड्याचा चाकवाला बूट. शेडच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात हमालांनी औंढ्याच्या नागनाथाची तसबीर बसवलेली, वर छोटा दिवा. पाणी वाहून जावं म्हणून कोब्याला जो हलका उतार दिलाय तो नेमका कोनाड्यापासून रस्त्याकडे. म्हणजे वेग घ्यायचा तर कोनाड्यापासूनच निघायला हवं. माझ्या पोरी छान निघायच्या, छान पाय उचलायच्या, आणि तसबीर आठवली की पाय खाली. एक तर चालत्या चाकावरच नमस्कार करायला गेली आणि तोंडावर आपटली. वार्षिक समारंभात पाहुणे समोर बसले की तेच. वळणाचा शेवट पाहुण्यांकडे पाठ होऊन व्हायचा आणि पोरींचे पाय भिजलेल्या कपड्यासारखे खाली लोंबायचे. मी ओरडायची, समजवायची. मग हळूहळू स्पायरल शिकवणंच कमी केलं. पालकांना तसंही शर्यतीच हव्या होत्या.

मी निवृत्त झाले. त्यानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात हे गेले. मूलबाळ आम्हाला नव्हतं. हे गेल्यावर किती दिवस मला एका माणसाचा कुकर लावता येत नव्हता. दोघांचं शिजायचं आणि मी सकाळचं रात्री खायची. मी एकटी होते, आजही आहे, आणि तसं लिहायला मला संकोच वाटत नाही. सकाळी जाग आली की घरात कुणाचाच आवाज नसतो, म्हणून मी शेडवर जायची. नवी पोरं आता हिंगोलीच्या नव्या मैदानावर नाही तर मोबाइलवर. शेडमध्ये मी, झाडू आणि ती लोखंडी खुर्ची. एक दिवस मी ती खुर्ची उचलून कोब्याकडे तोंड करून ठेवली. जिवंतपणी बघितलं नाहीत, आता बघा, असं काहीसं डोक्यात होतं. आता बघण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी मंगल आली.

मंगल म्हणजे आमच्या गल्लीमागच्या महादेवाच्या देवळाचे जे गुरव आहेत, त्यांची सून. तिची मुलगी गौरी माझ्याकडे शर्यतीचं स्केटिंग करायची, तेव्हा मंगल रोज शेडच्या पायरीवर बसून राहायची, बेल निवडत नाही तर वाती वळत. दहावीनंतर गौरी क्लाससाठी लातूरला गेली. काही दिवसांनी मंगल पिशवीत गौरीचे बूट घेऊन शेडवर आली. मला वाटलं, विकायचे असतील.

'मॅडम,' ती म्हणाली, 'गौरीचे बूट मला येतेत.'

'म्हणजे?'

'घालून बघितले. दुपारी समदे झोपले तवा, पलंगावर बसून.' मग पायरीकडे बघत म्हणाली, 'मला पळायचं न्हाई. ते बगळ्याचं शिकवता का?'

चाळिशीला टेकलेली बाई. मोडलं काही तर तिच्या घरचे मला देवळाच्या पायरीवर चढू देणार नाहीत, हे मला दिसत होतं. पण खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी आपणहून ते मागितलं होतं. तरी मी खडसावून विचारलं, 'काय करणार आहेस शिकून? या वयात स्पर्धा नसतात.'

'काय करायचं हाय? गौरी करायची न्हाई, बाकीच्या एक-दोघी करायच्या. म्या तिथं बसून बघायची. मॅडम, दिवसभर कुनाला ना कुनाला काही तरी द्यायचंच असतंय. फुलं द्या, चहा द्या, औषध द्या. ते करताना पोरींच्या हातात काहीच न्हाई राहत. तेवढा येळ मला पायजे.'

आम्ही सुरू केलं. कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, गुडघ्यांवर गौरीचे पॅड. आधी नुसतं उभं राहणं, मग एक पाय, मग हात धरून पाय उचलणं. मंगल पडली की 'महादेवा' म्हणायची आणि हसत उठायची. मास्टरसाहेबांसारखा मी तिचा हात धरून चालायची, साध्या चपलांमध्ये, तिच्या बाजूनं. सकाळची थंडी, कबुतरं आणि आम्ही दोघी. त्या दिवसांत मी घरी जाऊन नीट मोजून एका माणसाचा भात लावू लागले.

हात सोडायची वेळ आली आणि तिथं तेच. मंगल कोनाड्याजवळून निघायची, सुंदर पाय उचलायची, आणि तो लगेच खाली. ती तर पुजाऱ्याच्या घरची, तिला तसबीर विसरणं शक्यच नव्हतं. मी तिला आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट सांगितली, औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या म्हाताऱ्याची. जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव, असं तो म्हणाला आणि ठेवणाऱ्याला तशी जागाच सापडली नाही. मला वाटलं, झालं काम. मंगलनं सगळी गोष्ट मान हलवत ऐकली आणि म्हणाली, 'ते मोठे साधू, मॅडम. म्या गुरवाची सून. मला उद्या सकाळी त्याच देवाला पानी घालायचंय.'

दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून एक धुतलेलं पांढरं धोतर घेऊन आली, कोनाड्यातल्या तसबिरीला नमस्कार केला आणि तिच्यावर ते पडद्यासारखं सोडलं.

'हे काय?'

'आमच्या गाभाऱ्याला चुना लावायचा असला की देवाच्या ओट्यावर चढावं लागतंय. पाय देवाच्या वर जातो. तवा आत्याबाई आधी देवावर धोतर झाकतेत.' सासूला ती आत्याबाई म्हणायची. 'झाकलं की देवाला दिसत न्हाई. मग पाय लागत न्हाई. काम झालं की काढायचं, माफी मागायची.'

इतकी वर्षं मी पोरींवर ओरडत होते आणि उपाय एका धोतराचा होता. तिनं त्या दिवशी पाय उचलला आणि निम्म्या शेडपर्यंत नेला. हळदीवर रेघ बघायला ती परत परत जायची. पुढच्या काही आठवड्यांत ती रेघ लांबत गेली आणि डावीकडे वळायलाही लागली. शेवटपर्यंत मात्र अजून गेली नव्हती. टोकाला वेग कमी पडायचा. अजून थोडे दिवस, एवढाच प्रश्न राहिला होता.

आणि मग गल्लीत बातमी गेली. भाजी आणायला आलेल्या कुणी तरी रस्त्यावरून बघितलं होतं. गुरवाची सून मोंढ्यात पायात बूट घालून देवाकडं पाय करून नाचून राहिली, असं ते मंगलच्या सासूच्या कानावर गेलं. मंगलनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी कोरडा होता.

'आत्याबाई उद्या येनार हायेत. म्हनल्या, म्या माझ्या डोळ्यानं बघते, मग ठरवू. त्या न्हाई म्हनल्या तर न्हाईच, मॅडम. म्या त्यांच्या शब्दाभायेर न्हाई.'

मी त्या रात्री ठरवून टाकलं की म्हातारी नाही म्हणाली तर मुकादमांनी माझ्याकडे दिलेली शेडची किल्ली परत करायची. एकटीनं त्या कोब्यावर झाडू मारायला मी पुन्हा जाणार नव्हते.

सकाळी मंगलची सासू काठी टेकत आली. ठेंगणी, नऊवारी, कपाळावर भस्माचं बोट. मी 'या मावशी' म्हणेपर्यंत ती सरळ उजवीकडच्या खांबाकडे गेली आणि ह्यांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची मी वळवून ठेवलेली होती, त्यामुळे तोंड आमच्याकडे. मला ओरडावंसं वाटलं, तिथं नको. कारण मंगलचं वळण डावीकडचं. ते पूर्ण होता होता तिचा उचललेला पाय बरोबर त्या खुर्चीकडे यायचा. पण वयानं मोठ्या बाईला, तेही पारख करायला आलेल्या, उठा आणि पलीकडे बसा असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

मंगलनं तसबिरीवर धोतर सोडलं, सासूला लांबून वाकून नमस्कार केला आणि निघाली. पाय उचलला. छान गेली. वळणाला लागली, बूट खुर्चीच्या दिशेला यायला लागला आणि पाय खाली. ती पुन्हा कोनाड्याजवळ गेली. या खेपेला तिनं तो उचललाच नाही, नुसती सरळ घसरत जाऊन उभी राहिली.

'काय झालं गं?' म्हातारी म्हणाली. 'थांबली काहून?'

'आत्याबाई, तुमी समोर हाव.'

'मग?'

'पाय तुमच्याकडं येतो.'

 म्हातारीनं कोनाड्याकडे बघितलं. 'ते धोतर कुनी टाकलं?'

'म्या.'

'आपल्या देवाचं?'

'जुनं हाय, आत्याबाई. धुतलेलं.'

म्हातारी काठीवर जोर देऊन उठली. मला वाटलं, संपलं, निघाली. तिनं काठी खांबाला टेकवली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. लोखंडी पाय कोब्यावर खरखरत फिरले. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली तेव्हा ती पुन्हा तिच्यावर बसली, आमच्याकडे पाठ करून.

'कर आता,' रस्त्याकडे बघत ती म्हणाली. 'म्या न्हाई बघत. बघितलं न्हाई तर पाय लागत न्हाई.'

मंगल निघाली. खरं तर मी शिकवणारी, माझे डोळे तिच्या घोट्यावर हवे होते. पण तो खुर्चीचा आवाज माझ्या कानातून जाईना. तो मी आधी ऐकला होता. याच शेडमध्ये, इथं सरावाला आले त्या दुसऱ्या सकाळी, मी बूट बांधत खाली वाकलेली असताना. मान वर केली तेव्हा ह्यांची पाठ होती.

पहिल्या दिवशी माझा पाय कोब्यामुळे खाली आला नव्हता. नवरा समोर बसला होता, आणि मी नवी नवरी होते. मला ते कळलं नव्हतं किंवा मी कळू दिलं नव्हतं. ह्यांना मात्र तेव्हाच कळलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मला समजावलंही नाही. फक्त खुर्ची फिरवली, आणि नंतर आयुष्यभर रोज सकाळी रस्त्यावरची म्हशी-माणसं बघत बसले. मी त्याला कंटाळा समजले. एकाच घरात, एकाच ताटाशी बसून मी ते समजले, आणि विचारायला आता कुणी नाही.

शेडमध्ये चाकांचा एकसंध घूं आवाज चालला होता. पायानं रेटे देत पळणाऱ्याचा आवाज तुटक येतो. स्पायरलचा येतो तो असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक. मी डोळे पुसून बघितलं तेव्हा मंगल वळणाच्या टोकाला पोचत होती. पाय वर, हात पसरलेले, बूट सरळ त्या पाठमोऱ्या म्हातारीकडे. वेग संपला तिथं ती अलगद थांबली, आणि पाय तिनं स्वतःच्या मर्जीनं खाली ठेवला.

'झालं ना पुरं?' म्हातारीनं मान न वळवता विचारलं. 'मधी आवाज थांबला न्हाई.'

'झालं, आत्याबाई.'

'मग चल. पूजेला उशीर होऊन राहिला.' ती उठली, काठी घेतली आणि जाता जाता मला म्हणाली, 'बाई, तुमी काहून रडून राहिल्या? येत जाईल की ती. म्या बी येईन सोमवारी. खुर्ची अशीच राहू द्या.'

मंगलनं धोतर काढून घडी केली, तसबिरीची माफी मागितली आणि तिच्या मागं गेली. मी कोब्यावर उभी राहिले. हळदीतली रेघ कोनाड्यापासून निघून खुर्चीच्या पाठीमागून वळत गेली होती, कुठंही न मोडता. 'आज बरं झालं जणू,' असं स्कूटरवर म्हणणारा माणूस खरंच सगळं ऐकत बसलेला असायचा.

माझे बूट शेडमधल्या खोक्यातच असतात. गुडघे आता ऐकत नाहीत, डॉक्टर तर नाव काढू देत नाहीत. मी ते चढवले. कोनाड्याजवळून हळूच निघाले, जमेल तेवढा वेग घेतला आणि पाय उचलला. तो आता कमरेपर्यंतही जात नाही. वळणाला लागले, बूट खुर्चीकडे आला. खुर्ची तशीच. पाठमोरी.

पाय मी खाली घेतला नाही.